मदत हवी आहे : मेळघाटातून उठलेल्या गावांबद्दल

नमस्कार मंडळी. मी परतवाड्याची, नववीत. सकाळी ७ची शाळा आणि ही थंडी. पहिल्या तासाला बोटं आखडतात, पेन धरवत नाही. मधल्या सुट्टीत भिंतीलगत उन्हात बसलो होतो, तिथंच प्रकल्पाचा विषय ठरला : व्याघ्र प्रकल्प.

१९७३मध्ये सुरुवातीला ९ जंगलं निवडली, त्यात आपलं मेळघाट, हे मिळालं. वाघांचे आकडेही ढीगभर आहेत. मला हवंय ते वेगळंच. बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलाबाहेर आली. तिथल्या कोरकू आदिवासी घरांना पुढे जमीन, पाणी कसं मिळालं? कुणाच्या ओळखीत तिथलं कुणी आहे का? वनखात्याकडे माहितीचा अर्ज कुणाच्या नावे लिहायचा? सरांनी बजावलंय, नेटवरून उतरवलेलं चालणार नाही. सोमवारी दाखवायचंय.