फॉरेनचे फंड आपल्या सोलर-विंडमध्ये टिकतील का? भाच्याला ऑफर आलीये

मुलुंडची_मावशी

नमस्कार मंडळी. भाच्याला लोअर परळच्या एका सोलर-विंड कंपनीकडून ऑफर आलीये. आत्ता तो बँकेत आहे, पर्मनंट, त्यामुळे घरात दोन पार्ट्या पडल्यात. कंपनीचा मालक परदेशातला एक पेन्शन फंड. त्याचे बाबा म्हणतात हे फॉरेनवाले येतात तसे जातात, जपानची सॉफ्टबँक नाही का एवढा गाजावाजा करून आली आणि २०२१ मध्ये इथला सोलर-विंडचा सगळा धंदा अदानी ग्रीनला विकून मोकळी झाली. भाचा म्हणतो टोटल, शेल, ब्रुकफिल्ड अशा बड्या परदेशी कंपन्यांनी इथेच पैसे ओतले, ते काय वेडे आहेत का. मला खरंच समजून घ्यायचंय की या लोकांना आपल्याकडे एवढं काय दिसतं, ऊन तर आफ्रिकेतही आहे. पेपरात नुसते गिगावॉटचे आकडे येतात, त्यातून काही कळत नाही.

कर्जवाला_परळ

ताई, मी याच लाइनमध्ये आहे, सोलर प्रोजेक्टना कर्ज देण्याच्या बाजूला. उन्हासाठी कोणी येत नाही, करारासाठी येतात. केंद्राची सेकी नावाची कंपनी लिलाव करते आणि जिंकणाऱ्याशी २५ वर्षांचा वीजखरेदी करार करते, पहिल्या दिवशी ठरलेला दर शेवटपर्यंत तोच. वर १०० टक्के एफडीआय (परदेशी गुंतवणूक) ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे दिल्लीत परवानगीसाठी खेटे घालायचे नाहीत की इथला पार्टनर शोधायचा नाही. पेन्शन फंडाला पुढची तीस-चाळीस वर्षं लोकांना पैसे द्यायचे असतात, त्याला असंच ठरलेलं उत्पन्न हवं असतं. आणि राज्याच्या वीज कंपनीने थकवलं तर? त्यासाठी केंद्र, राज्य आणि रिझर्व्ह बँक असा त्रिपक्षीय करार असतो, वेळ आलीच तर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून पैसे वळते करता येतात. ही सोय सेकीच्या प्रोजेक्टना आहे, सरसकट सगळ्यांना नाही, हे लक्षात ठेवा.

आता गोम कुठे आहे ते सांगतो. दर रुपयात आहे. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैसे निघाले, तेव्हा डॉलर ६४-६५ ला होता, म्हणजे पावणेचार सेंट. २०२५ मध्ये डॉलर ८५ च्या वर गेला तेव्हा तेच २.४४ तीन सेंटपेक्षाही कमी भरतात, आणि दर तर वाढणार नाही. म्हणून शहाणे फंड सत्तर-पंच्याहत्तर टक्के पैसा इथूनच रुपयात कर्ज म्हणून उचलतात, बँका आहेत, वीज प्रोजेक्टना कर्ज देणाऱ्या आरईसी, पीएफसी, इरेडा या सरकारी कंपन्या आहेत, आणि डॉलरचा फटका स्वतःच्या भांडवलापुरताच ठेवतात. ज्यांनी हे गणित न करता फक्त लिलाव जिंकायचा म्हणून बोली लावल्या त्यांचे हाल झाले. डिसेंबर २०२० ला गुजरातच्या लिलावात १.९९ पर्यंत बोली उतरली आणि एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या मॉड्यूलवर, म्हणजे सोलर पॅनेलवर, ४० टक्के कस्टम ड्युटी लागली, मग काय उरणार हातात.

सॉफ्टबँकेचं म्हणाल तर विकणं म्हणजे पळणं नव्हे. प्रोजेक्ट उभारायची रिस्क घेणारे वेगळे आणि चालू प्लांट धरून बसणारे वेगळे. ॲक्टिस फंडाने स्प्रिंग एनर्जी उभी केली आणि २०२२ मध्ये शेलला १५५ कोटी डॉलरला विकली. प्लांट आहे तिथेच, करार आहे तोच. पेन्शन फंड बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीतला असतो.

दादर_पश्चिम

करार करार काय म्हणताय, आंध्र विसरलात का? २०१९ मध्ये जगन रेड्डींचं सरकार आलं आणि दोनच महिन्यांत आधीच्या सरकारने केलेले विंड-सोलरचे करार पुन्हा उघडायला निघाले. विंडचे ४.८० च्या आसपासचे दर होते, तिथे केस चालू असताना २.४३ ने पैसे मिळत होते, म्हणजे जवळपास निम्मे. हायकोर्टाने कराराच्याच दराने पैसे द्या असं सांगितलं ते मार्च २०२२ मध्ये. एवढी वर्षं प्लांटवाल्यांनी बँकेचे हप्ते कुठून भरायचे? जपानच्या राजदूतांनीसुद्धा तेव्हा काळजी व्यक्त केली होती. माझ्या मते वीज घेणारं गिऱ्हाईक कोण आहे हा एकच प्रश्न विचारा, मालक कोण आहे ते नंतर.

पवनचक्की_साताराकर

मावशी, मी साइटवरचा माणूस, सुरुवात चाळकेवाडीच्या पठारावर केली, आता राजस्थान, घर डोंबिवलीला. आमच्या साताऱ्याच्या जुन्या पवनचक्क्या बहुतेक टॅक्स वाचवायला लागल्या, पहिल्याच वर्षी भरघोस घसारा मिळायचा, मग नंतर पातं फिरलं काय न फिरलं काय मालकाला फरक पडत नव्हता. २००९ मध्ये सरकारने बनवलेल्या युनिटमागे ५० पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा विजेला किंमत आली, आणि मग मोठे फंड यायला लागले. मला तो बदल फार मोठा वाटतो. फंडाचा मालक रोज सकाळी कालचं जनरेशन विचारतो, का कमी आलं ते विचारतो, आणि मशीन नीट ठेवायला पैसेही देतो.

पण आताचं खरं दुखणं कर्टेलमेंट, म्हणजे चालू प्लांटची वीज कमी करायला लावणं, आम्ही बॅकडाउन म्हणतो. दुपारी बाराला ऊन डोक्यावर, आकाशात ढग नाही, आणि ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरवरून मेसेज येतो की इतके मेगावॉट कमी करा. ऑपरेटर स्काडावर, म्हणजे कंट्रोलच्या कॉम्प्युटरवर, सेटपॉइंट खाली ओढतो आणि स्क्रीनवरचा गोल डोंगरासारखा ग्राफ वरून सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. मॉड्यूल चकाचक धुतलेले, इन्व्हर्टर सगळे चालू, आणि वीज घ्यायला वाट नाही. जीव तुटतो हो. सोलर प्लांट वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, वीज वाहून नेणाऱ्या ७६५ केव्हीच्या मोठ्या लाइनला जमीन, जंगल, परवानग्या यात दुप्पट वेळ जातो. वाट अपुरी पडली की काय होतं ते मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० ला बघितलंय, बाहेरून येणाऱ्या लाइनी पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. जून २०२५ ला देशाच्या एकूण क्षमतेत निम्मा वाटा कोळसा, गॅस, डिझेल न जाळणाऱ्या विजेचा झाला, २०३० चं ठरलेलं पाच वर्षं आधी, ही अभिमानाची गोष्टच आहे, पण क्षमता म्हणजे घरात पोचलेली वीज नव्हे.

मुलुंडची_मावशी

बापरे, केवढं समजावून सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मग भाच्याने नेमकं विचारावं काय? पगार आत्तापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे तो हवेत आहे.

कर्जवाला_परळ

ताई, दादरकर बोलले ते सोळा आणे खरं, आम्हीही कर्ज देताना आधी गिऱ्हाईकच बघतो. २०२२ मध्ये उशिरा पैसे देणाऱ्या राज्यांसाठी कडक नियम आले तेव्हापासून थकबाकी बरीच खाली आलीये, तरी राज्याराज्यांत फरक आहेच. त्याला विचारू दे की चालू मेगावॉट किती आणि नुसते जिंकलेले किती. कारण २०२५ मध्ये ४० गिगावॉटच्या वर प्रोजेक्ट लिलाव होऊनही वीज घ्यायला राज्यं पुढे येत नाहीत म्हणून अडकून होते, ते कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये मात्र छान दिसतात. दुसरं, बॅटरी किंवा पंप्ड स्टोरेजचं (पाणी वर चढवून वीज साठवण्याचं) काही काम हातात आहे का. दुपारची वीज आता राज्यांना नकोय, संध्याकाळची हवीय, आणि नवीन भरती तिथेच जास्त होणार.

पवनचक्की_साताराकर

आणि लोअर परळच्या एसीत बसायच्या आधी महिनाभर साइटवर पाठवा म्हणावं. चांगली कंपनी असेल तर हो म्हणेल.