मदत हवी आहे : व्हायोलिनच्या गजाने पेले वाजवायचे आहेत (भुसावळ-जळगाव)

मंडळी, भुसावळला राहतो, व्हायोलिन शिकतोय. क्रोनोस क्वार्टेट या चौघांच्या अमेरिकन तंतुवाद्य गटाचा १९९० चा ‘ब्लॅक एंजल्स’ अल्बम महिनाभर रोज ऐकतोय. त्यातली अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्ब यांची मुख्य रचना १९७० ची, व्हिएतनाम युद्धाच्या काळातली. सुरुवातीच्या कल्लोळानेच अंगावर काटा येतो. पण जीव अडकलाय पुढच्या एका भागात : चेलो (व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ) एकटा गातो आणि बाकीचे तिघे पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडेवर गज फिरवतात. आपलं जलतरंगच, पण आघाताशिवाय!

घरच्या जाड ग्लासांवर नुसता खरखराट होतो. पातळ काचेचे, दांडीचे पेले जळगावात कुठे मिळतील? गजाला राळ किती लावावी? धुळे-जळगावकडे कुणी जलतरंग वाजवत असेल तर सांगा, पाण्याने सूर कसा जुळवायचा ते शिकायला येईन.