कारखान्याच्या पैशातून नदीची पुस्तिका : चालेल का?

दूधगंगाकाठ
कर्नाटकातल्या चिकोडी भागातले काही निवृत्त मास्तर मराठी शाळांसाठी पाणी-माती-हवेवर छोटी पुस्तिका काढतात. आपल्याकडे हे काम दुसरं कोण करणार? प्रदूषण मंडळाचे कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत. आजवर वर्गणीवर भागलं. यंदाची छपाई एका खासगी साखर कारखान्याने सीएसआरमधून (कंपनीने समाजकार्यावर खर्चायच्या पैशातून) केली आहे.

नवी पुस्तिका चाळली. प्लॅस्टिक आहे, गणेशमूर्ती आहेत, नदीवर कपडे धुण्यावर दोन पानं आहेत (म्हणजे सगळा दोष धुणं घेऊन जाणाऱ्या बायकांचा!). मागच्या आवृत्तीत मळीच्या पाण्यावर अख्खं पान होतं, ते गायब. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे काळं सांडपाणी, निघतो. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, आणि कच्चा स्पेंट वॉश ४०-५० हजारांच्या घरात. हे पोरांना कळायला नको?

पुस्तिकेत एकही वाक्य खोटं नाही, अडचण तीच आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकारावर लेख लिहून घेतला. तो १९६७ मध्ये मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोष चरबीवर गेला, साखर बाजूला राहिली. पैसे कुणी दिले होते ते २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून बाहेर पडलं. माझं मत सरळ आहे : ज्याच्या सांडपाण्याबद्दल लिहायचं, त्याचा पैसा घ्यायचा नाही.

रायबाग_ऊसवाला
काय बोलालाय ओ सर! कारखाना म्हणजे काय परका हाय व्हय? आमचा ऊस तिकडंच जातोय. उद्या नोटीस येऊन गाळप थांबलं तर फडात वाळतोय तो आमचाच ऊस, तुमचा पगार न्हाई. चार पुस्तकं छापून दिली तर एवढं काय बिघडलं? वर्गणी मागायला आला की निम्मं गाव दार लावून घेतंय, ते पण लिवा की.

उद्यमबाग_फौंड्री
सीएसआर म्हणजे कारखान्याचा उपकार नव्हे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफ्यावरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात आणि पर्यावरण त्या यादीत आहे. तो पैसा पुस्तिकेला नाही मिळाला तर बसस्टॉपवरच्या बाकड्यांना जाईल, वर कंपनीचं नाव.

उद्योगाचा पैसा आला की विज्ञान विकलं गेलं, हेही खरं नाही. बोस्टनची हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट १९८० पासून निम्म्या सरकारी आणि निम्म्या मोटार कंपन्यांच्या पैशावर चालते. हवेतल्या बारीक कणांमुळे मृत्यू वाढतात असा हार्वर्डचा १९९३ चा अभ्यास होता. उद्योगाने त्यावर गदारोळ केला. या संस्थेने तीच आकडेवारी नव्याने तपासली आणि २००० मध्ये सांगितलं, मूळ निष्कर्ष बरोबर आहे. पैसे देणाऱ्यांना तो नकोच होता.

दूधगंगाकाठ
@उद्यमबाग_फौंड्री, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं निघतं. तिथे निम्मा पैसा सरकारचा, मोटार कंपन्या अनेक, आणि कुठला अभ्यास करायचा ते कंपनी ठरवत नाही. इथे एकच कारखाना, एकच चेक, आणि पुढच्या वर्षी तो परत द्यायचा की नाही ते त्याच्या मर्जीवर. २ टक्के देणं सक्तीचं आहे, पण कुणाला द्यायचे ते कंपनीच ठरवते ना?

जांबोटीची_सून
सर, सगळी तोफ कारखान्यावर कशाला? सरकारी पैसा काय गंगाजळ आहे का? पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी २०१० मध्ये केंद्रानेच गाडगीळ समिती नेमली. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल हातात आला आणि सरकारनेच तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागणी झाली, माहिती आयोगाने द्या म्हटलं, तरी सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे हरल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. समितीने काय लिहावं ते सरकारला ठरवता आलं नाही, पण लोकांनी कधी वाचावं ते ठरवता आलं. तोवर आमच्या खानापुरात घर बांधायला बंदी, गुरं चारायला बंदी अशा वावड्या उठायला मोकळं रान.

आणि एखादा प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरण परिणामाचा अहवाल करणाऱ्या सल्लागाराला पैसे कोण देतं? प्रकल्पवालाच. हे कायद्यानेच आहे. जनसुनावणीआधी सारांश मिळतो तो इंग्रजीत आणि कन्नडात. आमच्या सासूबाईंच्या वयाची माणसं सुनावणीला जाऊन नुसती बसून येतात. त्यांना मराठीत कुणी समजावून सांगत असेल, तर पैसा कुणाचा हा प्रश्न मला दुसरा वाटतो.

लॅब_केमिस्ट
मी साखर कारखान्यात नोकरी करतो, आधीच सांगतो. ते जुनं पान मी वाचलं होतं. बीओडीचे आकडे बरोबर होते, पण ते प्रक्रियेआधीचे. डिस्टिलरीला (मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या विभागाला) आता द्रव सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट आहे. स्पेंट वॉश आटवून बॉयलरला जाळतात किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) घालून खत करतात. पानात यातलं अक्षर नव्हतं. मुलांना वाटणार, काळं पाणी रोज पाइपने नदीत जातं. वर्गणीच्या पैशावर छापलं म्हणून अपुरी माहिती पुरी होत नाही.

दूधगंगाकाठ
मग तेच लिहा ना! अट काय आहे, ती पाळली तर काय होतं, पाळली नाही तर मासे का मरतात. तुमच्यासारख्याने तपासलेलं पान मी डोक्यावर घेईन. पान दुरुस्त करणं वेगळं आणि फाडणं वेगळं.

निपाणी_बाजारपेठ
आमच्या निपाणीचं पोट तंबाखूवर, म्हणून हा इतिहास मी वाचला. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी स्वतःच संशोधन समिती काढली. त्या पैशावर चांगली कामंही झाली. पण 'अजून संशोधन हवं' हे पालुपद कंपन्यांना पुढची कित्येक वर्षं पुरलं. सरांना माझं अनुमोदन.

अथणी_क्षारपड
दोन्ही बाजूंना विचारतो. कृष्णाकाठी रायबाग-अथणी पट्ट्यात उसाला पाटाने वारेमाप पाणी देऊन जमिनी मिठागरासारख्या झाल्या. वर्गणीच्या जमान्यातल्या कुठल्या आवृत्तीत त्यावर पान होतं? नव्हतं. कारण वर्गणी देणारे ऊसवाले. माझ्या वडिलांची दीड एकर त्यात गेली आणि पाणी आम्हीच पाजलं होतं, म्हणून बोलायचा हक्क घेतो. कारखान्याचा पैसा तोंड बंद करतो आणि गावाचा करत नाही, असं कुणी सांगू नये.

रायबाग_ऊसवाला
आता हे मातर खरं हाय.

दूधगंगाकाठ
खरं आहे. तरी फरक एवढाच : गावातले तिघे रुसले तर तिघांची वर्गणी जाते, कारखाना रुसला तर अख्खी पुस्तिका जाते.

खडू_फळा
मी त्या गटातलाच. नाव नको. कारखान्याने एक शब्द बदलायला सांगितला नाही. मजकूर बघायलाही मागितला नाही. पान आम्हीच काढलं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, पहिलंच वर्ष आहे, यंदा राहू दे. कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही.

दूधगंगाकाठ
सर, स्पष्ट लिहिलंत, बरं केलंत. न सांगताच पान गेलं, मला याचीच धास्ती होती. पुढच्या आवृत्तीत ते परत येणार का? आणि पहिल्या पानावर 'छपाई खर्च अमुक कारखान्याचा, इतके रुपये' एवढं तरी छापाल?

खडू_फळा
रुपयांचा आकडा छापायला दोघांचा विरोध आहे. जानेवारीत बैठक लावतोय. केमिस्ट साहेबांनी पान तपासून दिलं तर मी ते टेबलावर ठेवतो. क्षारपडीचं पान अथणीवाल्यांनी लिहावं.

अथणी_क्षारपड
लिहितो. पण वडिलांना दाखवून मग पाठवतो.