मदत हवी आहे: वर जायला गंडोला की चेअरलिफ्ट?

पुणेरी_पावडर: उद्या सकाळी ठरवायचंय, पटकन सांगा. दोन दिवस गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा बंद आहे. चेअरलिफ्टने, उघड्या खुर्चीत बसून, वर जाऊन स्कीइंगला अवघड उतार मिळतात का, की गंडोलाची वाट बघत हॉटेलात कहवा पीत बसू? तीनच दिवस उरलेत.

हिमराव: आहात कुठे? औली, गुलमर्ग, की परदेशात?

पुणेरी_पावडर: गुलमर्ग! अजून कुठे असणार?

हिमराव: मनकवडे नाही आम्ही. चेअरलिफ्ट कोंगडोरीहून, म्हणजे गंडोलाच्या मधल्या स्टेशनवरून, मेरीज शोल्डर या टेकाडापर्यंतच जाते. अफरवट शिखराची वरची बाजू हवी तर फेज टूच, म्हणजे गंडोलाचा वरचा टप्पा. तो जवळपास ४००० मीटरवर सोडतो, त्यामुळे वारा सुटला की आधी तोच बंद. बर्फ पडत असेल तर फेज वनने, म्हणजे खालच्या टप्प्याने, कोंगडोरी गाठा आणि तिथून झाडीतून खाली उतरा. झाडांमुळे निदान उतार दिसतो, वर सगळं पांढरंधोप.

व्हँकूव्हरवाली: मला तर चेअरच आवडते. स्की काढायची कटकट नाही, उतरलं की लगेच पुढची फेरी. कॅनडातल्या व्हिस्लरला पीक टू पीक गंडोला बघा, ४.४ किमी ११ मिनिटांत!

घाटपांडे_आजोबा: ताई, तो एका डोंगरावरून दुसऱ्यावर न्यायला आहे. अवघड उतारांसाठी तिथे पीक चेअर. आणि जोरदार वाऱ्यात सगळ्यात भरवशाचा तो जुना टी-बार, जमिनीलगत ओढत नेतो. पाय दुखतात, पण लोंबकळत राहावं लागत नाही.

व्हँकूव्हरवाली: मी फक्त वेगाचं बोलत होते.

सहल_सम्राट: आम्ही मेमध्ये सहकुटुंब जातोय. फेज वनचं तिकीट ऑनलाइन काढावं का? घोडेवाले फार मागे लागतात म्हणे.

हिमराव: वेगळा धागा काढा हो. @पुणेरी, आधी कुठे स्की केलंय? बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचा ट्रान्समीटर), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आहे? गाइड?

पुणेरी_पावडर: ऑस्ट्रियात ब्लॅक रन, म्हणजे सगळ्यात अवघड उतार, आरामात उतरलोय. बीकन माझ्याकडे आहे, मित्राकडे नाही. गाइडचा विषयच नाही इथे, मी लिफ्टचं विचारतोय.

घाटपांडे_आजोबा: ऑस्ट्रियातले ब्लॅक रन बहुतेकदा मशीनने दाबलेले, खांब लावलेले. इथे वर गुडघाभर मोकळा बर्फ, खुणा नाहीत. आणि तुम्ही गाडले गेलात तर बीकन नसलेला मित्र तुम्हाला शोधणार कसा? फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्याच हापतखुडला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले.

हिमराव: स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं सुरक्षा पथक, फक्त गंडोलाच्या आसपासचा भाग सांभाळतं. हद्दीबाहेरचं ज्याचं त्याने बघायचं. मित्रासाठी बीकन भाड्याने घ्या, सकाळी स्की पेट्रोलचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचा.

व्हँकूव्हरवाली: आणि गाइड कराच. पैसे वाचवायची ही जागा नाही.

पुणेरी_पावडर: बरं, बरं. बीकन घेतला, गाइडशी बोललो. तो म्हणतो, उद्या झाडीच, फेज टू उघडला तरी लगेच नाही जायचं. आता मित्र कुरकुरतोय.

सहल_सम्राट: त्या गाइडला घोड्यांचा रेट विचाराल का?