मदत हवी आहे: यवतेश्वर घाट, गुडघा आणि ‘बायका सोसतात’

नमस्कार मंडळी. मी सातारची, वय ४१, दोन बाळंतपणं झालेली. दोन वर्षं झाली, मी आणि हे पहाटे यवतेश्वर घाटात पळतो. सध्या २१ किलोमीटरची तयारी चालू आहे. चढाला हे भुर्रकन पुढे जातात, पण शेवटच्या चार-पाच किलोमीटरला यांची हवा जाते. मी मात्र त्याच चालीने सुरू.

सासूबाई म्हणतात, “बायकांना सोसायची ताकदच जास्त.” मी वाचलं ते उलटंच. बर्फगार पाण्यात हात बुडवायच्या चाचण्यांत बायका सरासरी पुरुषांच्या आधी हात काढतात. हिमोग्लोबिन आणि स्नायू जास्त, म्हणून मॅरेथॉनच्या वेगातही पुरुष साधारण १० टक्के पुढे. आणि तरी २०१९ मध्ये ब्रिटनमधली सुमारे ४३० किलोमीटरची स्पाइन रेस जास्मिन पॅरिसने सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली, तीही वाटेत थांबून तान्ह्या लेकीसाठी दूध काढत! आता यांना काय सांगू?

असो, खरी अडचण वेगळीच. तीन आठवडे उतारावर उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू ठणकते. सोसायची सवय, म्हणून पळतच राहिले. (हे असते तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात!)

थकव्याचं दुखणं कुठलं आणि दुखापतीचं कुठलं, हे तुम्ही कसं ओळखता? घाटात पळणाऱ्या बायका किंवा कुणी फिजिओथेरपिस्ट असतील तर सांगा. उतार बंद करू, की पळणंच?