मदत हवी आहे : अल्पदरातील लसीकरण शिबिर आणि गावातील खाजगी पशुवैद्यांचा दवाखाना

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातील आम्ही काही प्राणीप्रेमी २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला कुत्र्या-मांजरांसाठी अल्पदरातील लसीकरण शिबिर घेण्याच्या विचारात आहोत. जळगावचे एक नोंदणीकृत पशुवैद्य यायला तयार आहेत आणि लशीच्या खर्चाचीही सोय झाली आहे. अडचण वेगळीच आहे. आमच्या गावात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे एकच खाजगी डॉक्टर आहेत, आणि या शिबिराने त्यांच्या दवाखान्याचा आधारच काढून घेतला जाईल की काय, अशी भीती मला वाटते.

शिबिरात लस स्वस्त पडते, कारण दहा मात्रांची एक कुपी उघडून ती लगेच संपवता येते. दवाखान्यात दिवसाला एखादेच कुत्रे येत असेल, तर डॉक्टरांना एकेका मात्रेची महाग कुपीच वापरावी लागते. शिवाय लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी म्हणून फ्रिज आणि इन्व्हर्टर वर्षभर सांभाळावा लागतो, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर त्याचे मोल काय असते, हे इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणजे त्यांचा दर जास्त आहे तो नफेखोरीमुळे नव्हे.

डॉक्टरसाहेबांशी मी सविस्तर बोललो. पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेल्या कुत्र्याच्या पिलाला कित्येक दिवस सलाइन लावावे लागते आणि त्याचे पैसे अनेकदा बुडतात. रात्री-अपरात्री दार उघडावे लागते ते वेगळेच. हा सगळा भार नियमित लसीकरणाच्या उत्पन्नावर पेलला जातो, असे त्यांनी मला शांतपणे समजावले. लस टोचण्याआधी ते जनावर तपासतात, आणि गोचीड तापासारखे आजार अनेकदा त्याच तपासणीत लक्षात येतात. शिबिराच्या रांगेत तेवढा वेळ मिळेल का, याची मला शंका आहे.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा शासनाने गुरांना मोफत लस दिली आणि त्यामुळे कोणाचा दवाखाना बंद पडल्याचे मी पाहिले नाही, असे आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आहे. मला ही तुलना पुरती पटत नाही, कारण गाई-म्हशींसाठी डॉक्टरांना वर्षभर बोलावणे येते, तर घरचे कुत्रे निरोगी असेल तर बहुधा लशीपुरतेच दवाखान्यात येते.

तरीही शिबिर रद्द करावे असे मला वाटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आणि केळीच्या मळ्यांत राखणीला असलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना कधीच लस मिळालेली नसते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि रोगाचा फैलाव थांबवायचा तर किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही कुत्री आज डॉक्टरांकडे जातच नाहीत. म्हणून शिबिर त्यांच्यासाठीच राहावे, मोटारीतून येणाऱ्या लॅब्राडॉरसाठी नव्हे, अशी माझी इच्छा आहे. परंतु दारात आलेल्या माणसाला परत कसे पाठवायचे?

सध्या आमचा विचार असा आहे की, शिबिर गावात न घेता पाड्यांवर घ्यावे आणि फक्त रेबीजची लस द्यावी. डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक विषाणूजन्य आजार) आणि पार्व्होची लस पिलांना सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते, त्यामुळे ती एका दिवसाच्या शिबिरात पूर्ण होऊच शकत नाही. ती दवाखान्याकडेच राहावी. जळगावच्या डॉक्टरांऐवजी गावातल्याच डॉक्टरांना मानधन देऊन बोलवावे, असेही मी सुचवले आहे.

ज्यांनी अशी शिबिरे घेतली आहेत त्यांनी, आणि विशेषतः येथील पशुवैद्य सदस्यांनी, कृपया अनुभव सांगावा. मानधन दिवसावर ठरवावे की जनावरांच्या संख्येवर? लस टोचल्यावर अर्धा तास जनावर थांबवून ठेवण्याची व्यवस्था तुम्ही कशी केली, आणि घरी गेल्यावर रात्री त्रास झालाच तर त्या उपचाराचा खर्च कोणी उचलला? शिबिरानंतरच्या वर्षी स्थानिक दवाखान्यातील लसीकरण घटले, की लसीकरणाचे कार्ड हातात आल्यामुळे लोक तिकडे जाऊ लागले? तालुक्याच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला सोबत घेतले असेल, तर अर्ज कोणाकडे केला, हेही कळवावे.

लशीची मागणी या महिनाअखेर नोंदवायची असल्याने त्याआधी उत्तरे मिळाली तर फार मदत होईल.