मदत हवी आहे: आठवणीतल्या बारचं डिजिटल स्थिरचित्र, काच प्लास्टिकसारखी दिसतेय

काजळरेघ
एका स्थिरचित्रात पार अडकलेय. विषय आहे एका बारमधलं कोपऱ्यातलं टेबल. बार कधीच बंद पडला, फोटो एकही नाही, सगळं आठवणीतून काढतेय. तपकिरी बाटली, शेजारी पाण्याचा ग्लास, काचेचा ॲशट्रे आणि लाकडावर ग्लासच्या बुडाचं ओलं वर्तुळ. मोठा भाऊ आणि मी तिथे तासन्‌तास बोलत बसायचो. चित्र त्याच्यासाठीच आहे. लाकूड जमलं, वर्तुळ तर फारच छान जमलं, पण काच पूर्ण प्लास्टिक! हायलाइट, म्हणजे चकाकीचे ठिपके, वाढवले की आणखी बिघडतं. ओव्हरले, सॉफ्ट लाइट असे लेयर (चित्राचे थर) एकमेकांत मिसळायचे मोड सगळे करून झाले. वाढदिवस याच आठवड्यात आहे, प्लीज लवकर सांगा.

बोरूबहाद्दर
सॉफ्टवेअर कुठलं? कॅनव्हास केवढा? उजेड कुठून येतोय? बाटली भरलेली की रिकामी? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार? चित्र डकवा ना.

तैलरंगी
सॉफ्टवेअर कुठलंही असो. काच रंगवायची नसते, काचेतून जे दिसतं ते रंगवायचं असतं. पाण्याने भरलेला गोल ग्लास भिंगासारखं काम करतो, त्यामुळे मागे जरा लांब असलेल्या गोष्टी त्यात डावी-उजवी बदलून दिसतात. ग्लासच्या कडा गडद होतात, मधला भाग मोकळा राहतो. सतराव्या शतकातल्या पीटर क्लाझ आणि विलेम हेडा या डच चित्रकारांनी मोजक्या करड्या-तपकिरी रंगांत काय काच रंगवली आहे, ती बघा. आणि घरातली बाटली अन् ग्लास समोर मांडून आधी पेन्सिलने अभ्यास करा.

काजळरेघ
क्रिटा. ए३, ३०० डीपीआय. डावीकडे वर एक पिवळा बल्ब लटकलेला आहे. बाटली अर्धी भरलेली. मागे काउंटरचा आरसा आहे.
@तैलरंगी, समोर मांडून नाही करायचं. घरातली बाटली ठेवली की त्याच बाटलीचं चित्र होईल. मला ते टेबल हवंय.

तैलरंगी
आठवणीत टेबल राहतं, पण उजेड कसा वाकतो हे आठवणीत राहत नाही. ते बघूनच शिकावं लागतं. बघा आणि मग बाटली उचलून ठेवा.

लेयरवेडा
क्रिटात हे अवघड नाही. ग्लासचा वेगळा ग्रुप करा. सगळ्यात खाली ग्लासचा नुसता आकार भरा. त्यावर ग्लासमागच्या चित्राची कॉपी ठेवून आडवी उलटवा, इनहेरिट अल्फा लावा, म्हणजे आकाराबाहेर सांडणार नाही. बाटलीसाठी तसंच करून वर मल्टिप्लाय, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडमध्ये तपकिरी. हायलाइट नॉर्मल मोडमध्ये, कडक कडेच्या ब्रशने. तुम्ही एअरब्रश वापरताय ना? मऊ कडांचे हायलाइट असले की काच हमखास प्लास्टिक दिसते.

तैलरंगी
मल्टिप्लायने बाटली मळकट होते. पंचवीस वर्षं तैलरंगात काम करतोय, काळं मिसळलं की रंग मरतो.

लेयरवेडा
काळं कुठे मिसळलं? रंगीत काच काही रंग शोषते आणि उरलेले पुढे सोडते, मल्टिप्लाय तेच करतं. खाली उजेड ठेवला असेल तर मळकट होत नाही.

रंगोबा
मागे आरसा आहे म्हणून आठवलं. फ्रेंच चित्रकार एद्वार माने याचं पॅरिसच्या फोली-बर्जेर या करमणुकीच्या थिएटरातल्या बारचं १८८२चं चित्र जरूर बघा, लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. काउंटरवरच्या बाटल्या अफाट आहेत. आरशातलं काउंटरमागच्या मुलीचं प्रतिबिंब उजवीकडे सरकलंय, त्यावर आजही वाद चालतो. मला वाटतं मानेने ते मुद्दामच तसं ठेवलं.

बोरूबहाद्दर
मुद्दाम की नाही, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे काचेचं चाललंय.

छापखाना
ए३ म्हणजे छापणार असाल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, केशरी-पिवळे फिके पडतात, छापणाऱ्याकडून कलर प्रोफाइल आधी मागून घ्या. मॅट (बिनचकाकीचा) कागद नको, गडद भाग मंद दिसतात.

काजळरेघ
छापायचं नंतर बघू. हो, एअरब्रशच होता. कडक ब्रश घेतला आणि आरसा ग्लासात उलटवला. ग्लास आता खरंच ग्लास दिसतोय!! बाटली अजून मेलेलीच आहे.

तैलरंगी
बाटलीवरचा हायलाइट कोणत्या रंगाचा केलाय?

काजळरेघ
फिकट तपकिरी. बाटली तपकिरी आहे म्हणून.

तैलरंगी
तिथेच अडलंय. पृष्ठभागावरची चकाकी बल्बच्या रंगाची असते, काचेच्या नाही. पिवळट पांढरा घ्या, छोटा आणि स्वच्छ. तपकिरी रंग चमकतो तो उजेड आत शिरून पलीकडे निघतो तिथे, म्हणजे तुमच्या चित्रात उजवीकडे खाली. तिथे भरपूर केशरी येऊ द्या. द्रवाच्या रेषेच्या वरची बाटली फिकी ठेवा, खालची गडद.

लेयरवेडा
याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि बाटलीची सावली? सरसकट काळी आहे का?

काजळरेघ
हो, काळीच. का?

लेयरवेडा
भरलेल्या भागातून गेलेला उजेड गोळा होऊन सावलीच्या आत केशरी पट्टा पडतो. सावलीच्या वर नवा लेयर, मोड ॲडिशन (खालचा रंग उजळवणारा), ओपॅसिटी म्हणजे लेयरचा दाटपणा अगदी कमी. लाकडाच्या रेघा त्यातून दिसायला हव्यात. करा आणि चित्र डकवा, पण लहान जेपीजी करून. मूळ फाइल इथे चढणार नाही.